एकोणसाठ किलोपर्यंत

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या सायकलच्या दुकानात संसद भरते. हे नाव घड्याळजींनी ठेवलं. शेजारच्या गाळ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि वर्षातून हा एकच दिवस ते दुपारनंतर शटर ओढतात. दुसरे सदस्य भूगोलाचे सर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरच्याला नापास करायची सवय गेलेली नाही. तिसरी नर्सबाई, माझी शाळेपासूनची मैत्रीण. सकाळपाळी उरकून पांढऱ्या बुटांनिशीच येते. चौथी मी. मी चाकं बांधते. रिम, हब, स्पोक सगळं सुटं येतं, त्याचं चाक माझ्या हातात होतं. सायकली कुणीही विकतं, चाक बांधायला हात लागतो. ही बढाई आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे, थोडी आहेच.

संसदेचा नियम एकच. भिंतीवर बाबांच्या हातचं एक जुनं चाक टांगलंय. आपल्या पसंतीच्या स्वाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं त्या चाकाच्या स्पोकला लावायचं. एकदा लावला की शर्यत संपेपर्यंत चिमट्याला हात लावायचा नाही. पैज नाही, बक्षीस नाही. जिंकणाऱ्याचा चिमटा वर्षभर तिथे राहतो आणि तो लावणारा वर्षभर बाकीच्यांना तोंड उघडू देत नाही.

शर्यत एकाच दिवसाची असते. दोनशे चाळीस किलोमीटर, त्यात दगडगोट्यांच्या रस्त्याचे अकरा पट्टे. आठवडाभर चालणाऱ्या शर्यतीत एक दिवस वाईट गेला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. इथे सकाळी दहाला जे सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. म्हणून तर एवढं भांडता येतं.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं या शर्यतीत उतरतोय. जिंकायला नाही. कप्तानाला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक बसलं तर स्वतःचं काढून द्यायचं. संसद त्याला पाणक्या म्हणते. मी दर वर्षी चिडते आणि दर वर्षी त्याच्याच नावाचा चिमटा लावते. सायकल शिकताना मीच त्याच्यामागे सीट धरून पळत असे. सोडलंय हे कळू न देता सोडायचं असतं, तेही मला जमलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तो दुकानात आला आणि पार्सलच्या काट्यावर उभा राहिला. अठ्ठावन्न किलो.

"ताई, या वेळी संघानं मला मोकळं सोडलंय," तो म्हणाला. "शेवटच्या चार पट्ट्यांत मी माझ्यासाठी चालवणार. मला हलकी चाकं बांधून दे. अगदी माझ्या वजनाची."

मी तीन रविवार घातले त्या जोडीवर. बाबांच्या कपाटात मधोमध बारीक केलेल्या स्पोकचा एक शेवटचा खोका होता, तो मी इतकी वर्षं कुणासाठी फोडला नव्हता. तो फोडला. पुढे वीस, मागे चोवीस स्पोक. दगडांवर एवढ्या कमी स्पोकवर चालायला माणूस चिमणीच्या वजनाचाच हवा, आणि भाऊ तसाच आहे. व्हॉल्वशेजारच्या स्पोकची आवळायची टोपी लाल बसवली, बाकी सगळ्या काळ्या. ही बाबांची खूण. मग रिमच्या आत, ट्यूबखाली जी पट्टी असते तिच्याखाली, पेन्सिलीनं लिहिलं: "५९ किलोपर्यंत". बाबांचा दंडक होता, पट्टीखाली वजन लिहायचं, नाव लिहायचं नाही. नाव बदलतं, चाक हातोहात फिरतं, वजन मात्र चाकाला कळतं, असं ते म्हणायचे.

तर शनिवारी संसद भरली आणि मी सगळ्यांच्या आधी चिमटा लावला. या वेळी दयेनं नाही, छाती फुगवून.

"पाणक्याच का पुन्हा?" सर म्हणाले. "अगं, डोळे उघड. रणगाड्याशिवाय आहे कोण?"

रणगाडा म्हणजे भावाचा कप्तान. त्र्याऐंशी किलोचा गडी, मांड्या बघितल्या तर दाराची चौकट आठवते. सरांनी त्याचा चिमटा लावला आणि नकाशा पसरला. सातवा पट्टा वळणावर आहे, तिथे दगड घाटासारखे चढतात, तिथे जडच माणूस टिकतो, हलका उडतो, हे त्यांनी पट्टीनं टेबलावर ठोकून सांगितलं.

"जड माणूस चढावर काय करणार? तुम्ही ढकलणार?" घड्याळजी म्हणाले. त्यांचा माणूस बगळा, उंच, काटकुळा, दोन वेळा दुसरा आलेला.

"दोन वेळा दुसरा आलेला तिसऱ्यांदाही दुसराच येतो."

"आणि तुमचा गेल्या वर्षी खड्ड्यात गेलेला?"

"ढकलला होता त्याला!"

नर्सबाईनं पाय स्टुलावर टाकले. "मला दोघांचंही सांगू नका. बगळ्याला तीन आठवड्यांपूर्वी छातीचा संसर्ग झालेला. खोकला गेला तरी फुप्फुसं परत यायला वेळ लागतो. मी सकाळपासून तेच बघून आले." तिनं गेल्या वर्षीच्या विजेत्याचा चिमटा लावला. घड्याळजींनी तिला घरभेदी म्हटलं. सगळे हसले, मीही हसले.

मग सरांनी सकाळचं वर्तमानपत्र काढलं. आतल्या पानावर मोठा रंगीत फोटो होता. रणगाडा शुक्रवारी रस्त्याची पाहणी करताना, दगडी पट्ट्यावर सायकल थांबवून उभा.

"चाकं बघा त्याची," सर म्हणाले. "नवी दिसतायत. तयारी म्हणतात ती ही."

मी चहाचा कप हातात घेऊनच वाकले. सवय आहे. लोक माणसाचा चेहरा बघतात, मी स्पोक मोजते. मोजले आणि पुन्हा मोजले. मग घड्याळजींच्या खिशातलं भिंग न विचारता काढून डोळ्याला लावलं. व्हॉल्वशेजारची टोपी लाल होती.

माझी चाकं. बाबांचा शेवटचा खोका.

"काय गं? पांढरी पडलीस," नर्सबाई म्हणाली.

"काही नाही. आले."

मागच्या खोलीत ट्यूबा टांगलेल्या असतात, तिथे उभं राहून मी भावाला फोन लावला. देऊन टाकली! माझे तीन रविवार त्यानं कप्तानाच्या पायाशी नेऊन वाहिले. पाणक्या तो पाणक्याच. फोन वाजत असताना मी मनात शिव्या जुळवत होते आणि मधेच माझ्या डोक्यात आलं की रणगाडा त्र्याऐंशीचा आहे. पाहणीला ही माणसं निवांत जातात. उद्या तो त्या दगडांवरून पन्नासच्या वेगानं जाणार. चोवीस बारीक स्पोकवर.

भावानं फोन उचलला. मी शिव्या विसरले.

"अरे, ती चाकं कप्तानाच्या सायकलला कशी? वजन माहीत आहे ना त्याचं? कुणीतरी घोळ घातलाय, लगेच सांग तिकडे."

पलीकडे कुठेतरी दार लोटल्याचा आवाज आला.

"घोळ नाही," तो हळू म्हणाला. "मीच दिली. तुझ्याकडून त्याच्या वजनाची बांधून घेतली म्हणून सांगितलं."

"का?"

"ताई, मला मोकळं सोडलेलं नाही कुणी. सोडणारही नाहीत. पण तो चौथ्या-पाचव्या पट्ट्यावर थांबला, तर संघाच्या मागच्या गाडीतून मलाच सांगतील, जा म्हणून. दुसरा कोण आहे त्यांच्याकडे? नऊ वर्षं झाली. एक दिवस मागतोय."

मला आधी कळेचना. मग एकदम कळलं. काट्यावर उभा राहिला तेव्हापासून त्याच्या मनात हेच होतं.

"आणि तो पडला तर? मागून शंभर जण येत असतात."

"पडत नाही. स्पोक तुटेल, चाक घासेल, थांबेल. तू फक्त उद्या संध्याकाळपर्यंत गप्प राहा."

"माझ्या हातचं चाक आहे ते. माझं नाव जाईल."

"तुझं नाव?" तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. अगदी साधेपणानं म्हणाला, "ताई, तुझं नाव दुकानाबाहेर कुणाला माहीत आहे?"

मी फोन ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आयुष्यभर नुसतं बोलत आले होते. तो कापतो तेव्हा सुरुवातीला दुखतही नाही. मी तिथल्या एका ट्यूबची घडी नीट केली, दुसरीची केली आणि मग संघाच्या मेकॅनिककाकांचा नंबर शोधला. ते बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांना म्हटलं, काका, लाल टोपीच्या चाकाची पट्टी उचला, आत काय लिहिलंय बघा आणि मला फोन करा. आणखी काही सांगवलं नाही.

बाहेर संसद वाऱ्याच्या दिशेवर आली होती. मी येऊन बसले. दहा मिनिटांनी दुकानातलाच फोन वाजला. तो भिंतीवर आहे, सगळ्यांच्या मधोमध. काकांचा आवाज असा की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यावा.

"एकोणसाठ! एकोणसाठ लिहिलंय पोरी! ह्यावर त्र्याऐंशीचा माणूस बसवायचा होता? मारायचा होता का त्याला?"

"काढा ती, काका. दुसरी लावा."

"काढलीच. पण मला सांग, हे झालं कसं? तुझा भाऊ म्हणाला कप्तानाच्या वजनाची आहेत. तो खोटं बोलला, की तुझ्याकडून जोड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली? एक काय ते सांग. मला वर सांगावं लागेल."

तिघं माझ्याकडे बघत होते. समोर बाबांच्या चाकावर माझा चिमटा होता, त्याला भावाचं नाव. खरं बोलले असते तर त्याच संध्याकाळी त्याला संघातून काढलं असतं आणि पुन्हा कुठल्याही संघानं दारात उभं केलं नसतं. बाबा गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. एवढं सगळं डोक्यात यायला किती वेळ लागला असेल? काकांनी "हॅलो" दोनदा म्हटलं, तेवढाच.

"माझी चूक, काका. दोन जोड्या होत्या. चिठ्ठ्या बदलल्या."

काकांचा आवाज उतरला. "तुझ्या बापाच्या हातून चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. यापुढे तुझी चाकं मला गाडीत चढवता यायची नाहीत. वाईट वाटतं, पण नाही."

मी फोन जागेवर अडकवला. वाटलं, कुणीतरी काही विचारेल. नर्सबाईनं माझ्या दंडावर हात ठेवला, बास. सर खुर्चीत पुढे सरकले होते.

"म्हणजे रणगाडा उद्या ऐनवेळी बदललेल्या चाकांवर," ते म्हणाले. "हे फार महत्त्वाचं आहे. मला माझा चिमटा हलवायचाय."

"हात लावायचा नाही!" घड्याळजी ओरडले. "नियम म्हणजे नियम!"

आणि ते दोघं त्यावर पाऊण तास भांडले. बातमी आतली होती, सगळ्या जगाच्या आधी त्यांना मिळालेली. ती ज्या घरातून आली ते घर त्यांच्यासमोर कप विसळत होतं.

रविवारी सगळे पुन्हा जमले. दुकानातला टीव्ही काउंटरवर ठेवला. भाऊ पहिल्या पट्ट्यापासून पुढे होता, रणगाड्यासाठी वारा फोडत. त्यानं त्या दिवशी चालवली तशी मी त्याला कधी चालवताना पाहिलं नव्हतं. चेहरा मातीनं भरलेला, तोंड उघडं. दोन वेळा मागच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून आला. तो आठव्या पट्ट्यावर रिकामा होऊन बाजूला झाला तेव्हा घड्याळजी उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आलं. म्हटलं, जाऊ दे. एक दिवस बुद्धी फिरली होती पोराची. माझं नाव गेलं तर गेलं, तो राहिला. मी त्याला माफ केलं, मनापासून केलं, हे मी लपवणार नाही.

रणगाडा जिंकला. सरांनी असा हात वर केला, जणू पायडल त्यांनीच मारलं होतं.

मग मुलाखती. रणगाड्यानं भावाच्या खांद्यावर हात टाकला होता. हा नसता तर मी नसतो, पुढच्या दोन वर्षांचा करार याच्याशी झालाच समजा, वगैरे. वार्ताहर बाईंनी विचारलं, "काल ऐनवेळी चाकं बदलावी लागली असं कळलं. ती तुमच्या घरून आलेली होती ना?"

भावानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं.

"हो, माझ्या ताईनं बांधलेली. तिची चूक झाली. मोठा अपघात होऊ शकला असता." त्यानं मान खाली घातली. "पण घरचं माणूस आहे. रागावून काय करणार? मी माफ केलंय तिला."

रणगाड्यानं त्याची पाठ थोपटली. वार्ताहर बाईंनी हळहळल्यासारखं केलं. माझं नाव दुकानाबाहेर कुणाला माहीत नव्हतं, ते काम त्यानं अर्ध्या मिनिटात करून टाकलं.

घड्याळजींनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "असू दे," ते म्हणाले. "होतं माणसाकडून. माझ्याकडूनही एकदा एकाच्या घड्याळाचं यंत्र दुसऱ्यात बसलं होतं."

ती दया मला सोसली नाही.

"माझ्याकडून काही झालं नव्हतं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. काटा, फोटो, मागच्या खोलीतला फोन, त्याचा शब्द अन् शब्द. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि सांगून झाल्यावर दुकानात नुसता टीव्हीवरचा जमाव हलत होता.

ही माणसं एका दगडावरून पाऊण तास भांडणारी. आता कुणी भांडेना. सरांनी चष्मा पुसला.

"पण काल तू आमच्यासमोरच मेकॅनिकला सांगितलंस, चिठ्ठ्या बदलल्या म्हणून."

"त्याला वाचवायला सांगितलं."

"असेल," सर म्हणाले. वर्गात उशिरा आलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले. "पण तो पोरगा आज जीव तोडून चालवत होता गं. कप्तानाला पाडायचं असतं तर असा चालवेल?"

मी नर्सबाईकडे पाहिलं. शाळेपासूनची माझी मैत्रीण. ती तिच्या बुटांकडे बघत होती.

"तू दमलीयस," ती म्हणाली. "दोन दिवस दुकान बंद ठेव."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर फासाची गाठ संन्याशानंच मारून दिली होती, साक्षीदारांसमोर. मी माझा चिमटा काढला. त्यांनी आपापले काढले. सरांचा तिथेच राहिला, रणगाड्याच्या नावाचा, आता वर्षभरासाठी.

गुरुवारी चाकं परत आली, खोक्यात, सोबत चिठ्ठी नाही. मी काउंटरवर ठेवून पट्टी उचलली. "५९ किलोपर्यंत". अक्षर माझं. बोट फिरवून पाहिलं, पुढेमागे कुठेतरी त्याचं नाव मी सवयीनं लिहिलं असेल का. नव्हतं. नाव लिहायचं नाही, वजन लिहायचं. जगात एकच पुरावा होता आणि तो म्हणत होता, या बाईनं एकोणसाठ किलोचं चाक बांधलं आणि त्र्याऐंशीच्या माणसाला पाठवलं. बाबांचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. त्यांनी एवढी वर्षं चाकं बांधली, पण घरातल्या माणसापासून जपून राहायचं कसं, ते कधी शिकवलं नाही. त्यांना गरज पडली नसेल.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आवाज नेहमीचा, मोकळा, लाडात.

"ताई, ती जोडी पोचली ना? पुढच्या रविवारी छोटी शर्यत आहे, मला लावायची होती. जरा आउट काढून सरळ फिरती करून ठेवशील? आणि ते टीव्हीवरचं मनावर घेऊ नकोस. तिथे काहीतरी बोलावं लागतं."

मी पेन्सिल उचलली.

"वजन सांग," म्हटलं.

"अठ्ठावन्न. तुला माहीत आहे की."

"तोंडी नको. कागदावर लिहून पाठव. खाली सही कर, नाव घाल पूर्ण."

तो हसला. ताईची गंमत वाटली असावी. मी हसले नाही. पलीकडचं हसू थांबायला थोडा वेळ लागला, आणि मग मला त्याचा नुसता श्वास ऐकू येत राहिला.